खिरीला नको म्हणताना

ज्वारी कमरेला लागली, हरभरा फुलावर आला आणि सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली, की आमच्या नळदुर्गात फोन वाजू लागतात. "येळवसाला येताव न्हवं?" अणदूरहून विचारणा, जळकोटहून विचारणा, नोकरीपायी लांब गेलेल्या चुलतभावंडांची विचारणा. यंदाही फोन वाजले, आणि मी ते उचलायचं टाळू लागले.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागातली गावंच्या गावं घरांना कुलपं लावून रानात जेवायला जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडायचे, रानातली लक्ष्मी पुजायची, आंबील शिंपडत पिकाला फेरी मारायची, आणि मग जेवायचं. तेही एकदा नाही. आपल्या रानातलं उरकलं की शेजारच्या रानातून हाक येते, तिथलं संपेपर्यंत त्याच्या शेजारचा बांधावर येऊन उभा असतो. त्या दिवशी रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूससुद्धा उपाशी सुटत नाही. हायवेवर ट्रक उभा करून कोपीत मांडी घालून बसलेले परमुलखातले ड्रायव्हर मी पाहिले आहेत. आणि वाढलेल्याला नको म्हणायचं नसतं. नको म्हणणाऱ्या माणसाची चर्चा पुढच्या येळवसापर्यंत पुरते.

जेवण तरी कसलं! भज्जी म्हणजे तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे कोवळे दाणे आणि रानातला असेल तो पाला, बेसन-ताक लावून शिजवलेला. सोबत बाजरीचे उंडे म्हणजे उकडलेले गोळे, मडक्यातली गार आंबील, तिळाच्या पोळ्या, शेंगांच्या पोळ्या. आणि खपली गव्हाची खीर. गूळ घालून मंद आचेवर आटवलेली ही खीर दोन घास खाऊन थांबणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

लहानपणापासून मी या दिवसाची वाट पाहत आले. गेल्या थंडीपासून मात्र सगळं बिघडलं, आणि सुरुवात आमच्या सरांनी केली.

सर म्हणजे माझे यजमान. हायस्कुलात शिकवतात. दहावीच्या परीक्षेला केंद्रावर हे आहेत असं कळलं, की पोरं आपण होऊन खिसे उलटे करून दाखवतात. चिठ्ठी बुटात असो की कॉलरमध्ये, हे दारातूनच ओळखतात. अशा या कडक माणसाला जगात एकच गोष्ट वाकवू शकते, आणि ती वाटीत असते. लग्नात यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा हे बुंदी खात होते. आजही यांचा चेहरा आठवायचा म्हटला तर मला तो खातानाच आठवतो.

गेल्या वर्षी येळवसाच्या थोडं आधी शाळेत तपासणीचं शिबिर झालं. त्यात यांची साखर वाढलेली निघाली. गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या तरुण आहेत, पण कुणाला भीत नाहीत.

"सर, तुम्ही काठावर आहात," त्या म्हणाल्या. "अजून मधुमेह झालेला नाही, पण पुढचं पाऊल तिकडंच आहे."

"पण मी साखर खातच नाही," सर म्हणाले. आवाज असा, की जणू उत्तरपत्रिका तपासणाऱ्याची चूक निघाली आहे. "आमच्याकडं सगळं गुळाचं असतं."

"गुळाचीही रक्तात साखरच होते सर. तो आत जाताना आपण गुऱ्हाळातून आलोय असं सांगत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. भाकरी, भात, पोळी, गूळ, सगळ्याची शेवटी रक्तात साखर होते. ती रक्तातून अंगात पोचवायचं काम इन्सुलिन करतं. पोट सुटलं, चालणं थांबलं, की अंग इन्सुलिनला दाद देईनासं होतं, आणि साखर रक्तातच साचत राहते. वडिलांना होती म्हणजे तुम्हाला होणारच असं नाही, पण गाफील राहायला जागा नाही. रोज झपाझप चाला, कंबर कमी करा, ताटात भाजी-डाळ वाढवा, भात-पोळी आवरा, गोडाला हात आखडता घ्या. "पुष्कळ लोक काठावरून मागं येतात," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांनी बघू."

घरी येताना सर पावलं जपून टाकत होते आणि मीही. आम्हा दोघांना मामंजी आठवत होते. सासऱ्यांना शुगर होती. तेव्हा घरात तिला कुणी आजार म्हणत नसे, 'गोड जरा कमी' एवढंच म्हणायचे. एका वर्षी रानात बाभळीचा काटा त्यांच्या पायात मोडला आणि तो त्यांना कळलाच नाही. कळलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. सोलापूरला नेलं. आधी अंगठा गेला, मग पाऊल. पुढं ते बांधावर खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांकडे बघत राहत. मला ते बघणं सहन व्हायचं नाही. आमच्या घरात साखरेची भीती म्हणजे पायाची भीती, हे कुणाला सांगावं लागत नाही.

तेव्हा मी पदर खोचला.

पण बातमी गल्लीत फुटली आणि प्रत्येक घरातून एकेक वैद्य बाहेर आला. कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी जांभळाच्या बियांची पूड पाठवली, कुणी लाकडाचा पेला आणून दिला. त्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी प्यायचं. सरांनी सगळे उपाय मनापासून केले, कारण एकाही उपायात जेवण कमी करायचं नव्हतं. कारल्याचा रस तोंड वाकडं करून प्यायचा आणि तोंडाची चव जावी म्हणून वर गुळाचा खडा खायचा. विचारलं तर म्हणायचे, "एवढ्या कडूनं मारलेली साखर एवढ्याशा खड्यानं परत येत नसते."

चालणंही सुरू झालं. पांढरे बूट आले, माकडटोपी आली. रोज पहाटे सर हायवेच्या दिशेनं निघत आणि घामाघूम होऊन परत येत. मी खूश. एके दिवशी दूधवाला म्हणाला, "सर रोज चालत्यात, लई चांगलं हाय. आमीबी तितंच भेटतो, ढाब्यावर." मग माझ्या ध्यानात आलं, की रोज यांच्या मिशांना भज्यांचा वास का येतो. दुसऱ्या दिवसापासून मी यांच्यासोबत निघाले. पण मला तेवढं चालवेना. अर्ध्या वाटेत मी पुलाच्या कठड्यावर बसायची आणि हे जाऊन येईपर्यंत लक्ष ठेवायची.

पहाऱ्याला खरी धार चढली ती येळवसाला. मी सरांच्या शेजारी ठाण मांडूनच बसले होते. यांच्यापुढं खिरीची वाटी आली, की मी डोळे वटारायची, आणि हे निमूट ती वाटी माझ्याकडं सरकवायचे. आता लक्ष्मीपुढचं वाढलेलं अन्न टाकून कसं द्यायचं? मी ती खायची. माझी वाटी आधीच खाऊन झालेली असायची, ती वेगळी. आमच्या रानात तसंच, शेजारच्या गौराक्कांच्या रानात तसंच, त्यांच्या पलीकडच्या रानातही तसंच. संक्रांतीला तिळगुळाचे लाडू यांच्या खिशातून काढून घेतले आणि हळदीकुंकवाला निघता निघता तोंडात टाकले. शाळेतल्या सहकाऱ्यांनी पेढे दिले, ते मी जप्त केले. जप्तीचा माल नष्ट करायचीही जबाबदारी माझीच होती. मी ती चोख पार पाडली.

दुपारी झोप अनावर व्हायची. तहान भागत नसे. चष्म्याचा नंबर बदलला. मी म्हणायची, या माणसाच्या मागं धावून माझं काय झालंय बघा!

तीन महिने भरत आले तसे सर सुतासारखे सरळ झाले. भजी बंद, गूळ बंद, रात्री नुसतं मुगाचं कढण. आठवडाभर असा संयम, की मला कौतुक वाटलं. तपासणीला जाताना यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मी दहावीच्या केंद्राबाहेर पुष्कळदा पाहिला आहे.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं आणि म्हणाल्या, "ही तपासणी कालच्या जेवणाची नाही बरं का. तीन महिन्यांची सरासरी कळते यात. आठवडाभर उपास करून हिला फसवता येत नाही."

सर माझ्याकडे बघेनात. आयुष्यभर पोरांचे खिसे तपासलेला माणूस, आणि याच्या रक्तातली चिठ्ठी निघायची वेळ आली होती. मला इतकं हसू आलं, की मी पदर तोंडाला लावला.

पण निकाल लागला आणि सर पास झाले. काठावरून चांगले मागं आले होते. वजन उतरलं होतं, कंबर उतरली होती. ढाबा एवढा लांब होता, की भज्यांसकट चालणं फायद्याचं ठरलं. आणि कारल्यावरचा तो गुळाचा खडा सोडला, तर गोड मी पोटात जाऊच दिलं नव्हतं. मी ऐटीत म्हटलं, "सगळं मी केलं, डॉक्टर."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "बाई, तुमची तपासणी कधी झाली होती?"

"माझी कशाला? मला काय झालंय?"

"तहान लागते का? रात्री उठावं लागतं का? आईला होती का?" मी प्रत्येकाला हो म्हणत गेले आणि माझा आवाज बारीक होत गेला.

मी काठावर नव्हते. काठ कधीच मागं पडला होता. तपासणीत सरळ मधुमेहच निघाला. "हे तीन महिन्यांतल्या खिरीनं झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरीच वर्षं आत चाललं असणार. फक्त कुणी बघितलं नाही." हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. कुणी बघितलं नाही हे खरं होतं, आणि त्या 'कुणी'मध्ये मीही होते. घरातल्या प्रत्येकाचा ताप, खोकला, पित्त मला तोंडपाठ. स्वतःच्या बाबतीत मात्र थकवा म्हणजे काम जास्त झालं आणि तहान म्हणजे तिखट जास्त झालं, एवढंच मला माहीत होतं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी सरांना तुळजापूरच्या आईची शपथ घातली. कुणाला सांगायचं नाही. एक कारण सांगण्यासारखं होतं: लेकीला बघायला पाहुणे येत होते, आणि आईला शुगर म्हटल्यावर लोक पोरीकडेही संशयानं बघतात. दुसरं कारण जास्त खरं होतं. मला लाज वाटत होती. तीन महिने नवऱ्याच्या वाट्या हिसकावणारी बाई, आणि हिलाच शुगर! गल्ली वर्षभर हसली असती.

लपवलेला आजार सांभाळणं फार अवघड असतं. गोळ्यांची पट्टी मोहरीच्या डब्यात. पाहुणे स्वयंपाकघरात बसले, की गोळी चुकायची. हळदीकुंकवात, बारशात, डोहाळेजेवणात पुढं आलेलं नको म्हणायला कारण लागतं, आणि खरं कारण तर सांगायचं नव्हतं. एकदा उपास सांगितला, तर शाबुदाण्याची वाटी पुढं आली. दात दुखतो म्हटलं, तर मऊ शिरा आला. शेवटी खाऊन टाकायची आणि घरी येऊन रडायची. सर गप्प राहायचे. शपथ होती ना! पण माझ्याआधी उठून मोहरीचा डबा ओट्यावर काढून ठेवायचे.

यंदा दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले. "तळपायाला दोऱ्याचं टोक टेकवते. कळलं की हो म्हणा." मी वाट बघत बसले. बराच वेळ झाला.

"टेकवा की," मी म्हटलं.

"टेकवून झालं," त्या म्हणाल्या.

मी डोळे उघडले तेव्हा समोर सर उभे होते आणि माझ्या पायाकडे बघत होते. अगदी मामंजींसारखे. मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ता सावरलंत तर पाय सांभाळता येतो. गोळी चुकवायची नाही, खाणं सांभाळायचं, रोज पाय बघायचा, अनवाणी फिरायचं नाही. पण बाई, हे सगळं लपूनछपून होणार नाही."

आणि त्यानंतर दारात येळवस.

परवा आमच्या रानात निभावलं. स्वयंपाक माझा होता, मी भज्जी भरपूर केली आणि खीर बेताची. फेरीला चपला घालून निघाले तेव्हा एक चुलतसासूबाई म्हणाल्या, "रानात लक्ष्मी हाय, आन् चपला घालून फिरतीस व्हय गं?" मी म्हटलं, पायात भेगा पडल्यात. आणखी एक खोटं.

मग शेजारून हाक आली. तिथं, त्या पहिल्याच रानात, खिरीची वाटी माझ्यापुढं आली, तोच सरांनी हात पुढं केला. "इकडं द्या ती. मला खीर फार आवडते." बायका हसल्या. सरांनी स्वतःची वाटी संपवली, मग माझी संपवली. दुसऱ्या रानातही तेच. गौराक्कांच्या रानात पोचलो तेव्हा सरांच्या कपाळावर घाम होता आणि पॅन्टचं बटण पोटाशी झुंजत होतं.

गौराक्का आमच्या बांधाला बांध लागून असलेल्या. नवरा गेल्यापासून शेती स्वतः बघतात, घरात कानडी बोलतात आणि वाढताना कुठल्याच भाषेतलं 'पुरे' त्यांना समजत नाही. त्यांच्या कोपीपुढं सात-आठ बायका गोलात बसल्या होत्या. त्यांची धाकटी जाऊ शांता माझ्या शेजारीच होती. आक्कांनी माझ्यापुढं वाटी नाही, वाडगंच ठेवलं. वरून तुपाची धार.

सरांनी हात पुढं केला.

"आवो सर, तुमचं झालं न्हवं?" आक्का म्हणाल्या. "बाईला खाऊ द्या की जरा!"

"नाही, नाही. द्या इकडं," सर म्हणाले आणि त्यांनी वाडगं ओढलं. पहिला चमचा तोंडात गेला. मी त्यांच्याकडं बघत होते. खिरीसाठी जीव टाकणारा हा माणूस औषध गिळावं तशी खीर गिळत होता. काठावरून मागं आलेल्या माझ्या नवऱ्याला मी माझ्या हातानं परत काठावर नेत होते. एका लाजेपायी.

मी त्यांच्या हातातलं वाडगं काढून घेतलं आणि आक्कांपुढं ठेवलं.

"आक्का, खीर नको," मी म्हटलं. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "मला शुगर आहे. सरांना नाही, मला आहे."

आता वर्षभराची चर्चा ठरली, असं वाटून मी खाली बघत राहिले.

"मलाबी हाय," समोरून कुणीतरी म्हणालं. अणदूरच्या शाळेतली स्वयंपाकीणबाई होती. "गोळ्या तांदळाच्या डब्यात ठिवते. सुनेला ठावं न्हाय."

"माज्या तर ब्लाऊजमंदी हायत्या," दुसरी म्हणाली आणि तिनं पट्टी काढून दाखवली. "जेवल्यावर आडबाजूला जाऊन घेणार व्हते." तिसरी नुसतीच मान हलवत हसत होती. बघता बघता त्या कोपीपुढं डबे, बटवे आणि पदराच्या गाठी उघडल्या.

मी आक्कांकडं पाहिलं. त्या पळी हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"मला धा सालापासनं हाय," त्या म्हणाल्या.

"मग आक्का, एवढी खीर वाढता कशाला सगळ्यांना?"

"मंग काय करू? दारात आल्याला माणूस उपाशी लावून देऊ व्हय?" त्यांनाच हसू फुटलं. "म्या आज चाखून बगितली बी न्हाय. मला वाटलं, तुमी समद्या खाताव, तर गोड झाली आसंल."

मग जो हशा उठला तो पलीकडच्या रानापर्यंत गेला असणार, कारण तिकडून कुणीतरी काय झालं म्हणून ओरडून विचारलं. सर सर्वांत जोरात हसत होते. शपथ सुटली होती ना त्यांची! खिरीचं पातेलं बाजूला सरकलं, भज्जीचं पुढं आलं. आक्कांनी तिथंच ठरवून टाकलं की पुढच्या सालापासनं खीर तोंडापुरती, भज्जी पोटभर. माझ्या चपलांचं खरं कारण मी सांगितलं, तशी एक बाई आपल्या चपला आणायला गेली. बाकीच्या आपापल्या गोळ्यांचे रंग एकमेकींना दाखवू लागल्या.

माझ्या शेजारची शांता तेवढी हसत नव्हती. ती बसल्यापासून पाणी पीत होती. एक तांब्या संपवून दुसरा भरून घेतला होता, तोही तळाला गेला होता. बाकीच्यांचं लक्ष नाही असं बघून ती माझ्याकडं सरकली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ती बोटाला टोचत्यात, ते लई दुखतं का हो?"

"नाही," मी म्हटलं. "मुंगी चावल्याएवढंही नाही. उद्या सकाळी ये, मी दवाखान्यात सोबत येते."